तिसरी तुकडी

कल्पेश,

तुझे आभार मानायचे तर पत्रच लिहावं लागतं. फोनवर मी विषय काढला रे काढला की तुझ्या दारात कोणीतरी येतं, नाहीतर कुकर उतरवायचा असतो. मागच्या वेळी म्हणालास, "काकू, नेटवर्क जातंय," आणि ते मला अगदी स्वच्छ ऐकू आलं. तेव्हा आता गप्प बसून वाच. पत्रात मध्येच बोलता येत नाही, हा त्याचा मोठा फायदा आहे.

बातमी अशी की अनुष्का हल्ली रविवारी सकाळी मैदानावर जाते. खेळायला नाही, शिकवायला. मनवेलपाड्यातल्या चिमुरड्या मुली जमिनीवर उकिडव्या बसवते आणि सांगते, "डोळे मिटा. मागून कोण येतंय ते पावलांवरून ओळखा." मी बाकावर बसून ऐकत होते. तुझा शब्द न् शब्द. फरक इतकाच, की तू तापलास की 'कोन' म्हणायचास, ती 'कोण' म्हणते.

तुला हे सगळं माहीत आहे. पण हे पत्र मी आणखी चार लोकांना वाचायला देणार आहे आणि तू कोण ते त्यांना ठाऊक नाही. म्हणून थोडा वेळ मी तुझ्याशी बोलत नाही, तुझ्याविषयी बोलते. लाजू नकोस.

कल्पेश आमच्या वसाहतीत समोरच्या इमारतीत राहायचा. मूळचा वसईच्या खाडीकाठचा. वडील काळूराम अजूनही भात लावतात, आई पुतळाबाई त्यांना आणि सगळ्या गावाला धाकात ठेवते. हा वालीवला, डब्यांची प्लास्टिकची झाकणं करणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर. बायको हेमांगी, एकुलती एक मुलगी अश्लेषा. उंच, किंचित वाकलेला, बोलताना समोरच्याच्या चपलांकडे बघणारा माणूस. मी तीस वर्षं औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत काढली, भित्र्या माणसांचा मला कंटाळा आहे. म्हणून सुरुवातीला मला तो आवडला नव्हता, हे सांगून टाकते.

वसाहतीत मुलींचा खो-खोचा संघ होता. शिकवणाऱ्या सरांना दुसरीकडे नोकरी लागली आणि ते गेले. मग सभा झाली. आमचे पालक फार उत्साही. काम दुसऱ्याने करायचं असलं की तर फारच. "कोणीतरी पुढे यायला पाहिजे," असं प्रत्येकाने एकदा म्हणून झालं. कल्पेश मागे दारापाशी उभा होता. तो म्हणाला, "शेडची किल्ली कोणाकडे आहे? माझ्याकडे द्या. सामान भिजतंय." किल्ली त्याला मिळाली आणि किल्लीबरोबर संघही मिळाला. आमच्या वसाहतीत गणपतीपासून पाण्याच्या मोटरपर्यंत सगळी कामं अशीच वाटली जातात.

तेवढ्यात संकेत नावाचा एक हौशी बाप ओरडला, "चला, कोच मिळाला! आता अश्लेषाचा पहिला नंबर फिक्स!"

सगळे हसले. कल्पेशही हसला. पण जरा उशिरा हसला. ते मला तेव्हा दिसलं होतं, त्याचा अर्थ पुढे कळला.

माझी नात अनुष्का त्या संघात होती ती केवळ मी ढकलली म्हणून. आईवडील दोघं नोकरीला, पोरगी दिवसभर पुस्तकात नाहीतर फोनमध्ये. जाड चष्मा, आणि अंगात भीती. खो-खोत बसलेल्या खेळाडूच्या मागून साथीदार येते, पाठीवर थाप मारते आणि 'खो' म्हणून ओरडते. मग बसलेलीने तीरासारखं उठायचं. अनुष्का ओरडणं ऐकलं की गोठायची. आधीचे सर म्हणायचे, हिला राखीव ठेवा.

कल्पेशने काय केलं, तर पहिले कित्येक दिवस मैदानावर ओरडणंच बंद. खो कुजबुजून द्यायचा. बघणाऱ्यांना वाटे, मुली कट करताहेत. शिवाय रोज थोडा वेळ डोळे मिटून बसायचं आणि पावलं ऐकायची. "ही लिडिया, ती टाच आपटते. ही कोन? ऐका ना नीट!" माझ्या नातीला दूरचं दिसत नव्हतं, पण ऐकू सगळ्यात चांगलं येत होतं, हे तिच्या आईबापाला आणि मला ठाऊक नव्हतं. महिन्या-दोन महिन्यांत ती पाठीमागचं पाऊल ओळखून थाप पडायच्या आत सज्ज असायची. चष्म्याला इलॅस्टिक लावून धावायला लागली. घरी मोठ्याने बोलायला लागली. एकदा मला उलटून बोलली. मी तिला दोन लाडू दिले.

आता खांबाची गोष्ट. खो-खोच्या मैदानात दोन टोकांना दोन खांब लागतात, लाकडी, गुळगुळीत. आमच्या शेडमध्ये एकच निघाला. दुसऱ्या टोकाला कल्पेशने नळाचा जुना लोखंडी पाइप पुरला. मुलींचे तळवे सोलायला लागले, तेव्हा मी माझी एक जुनी सुती साडी फाडून दिली आणि त्याने ती पाइपावर वरपासून खालपर्यंत घट्ट गुंडाळली. जांभळी, पिवळ्या काठाची. मुली त्याला 'आजीचा खांब' म्हणायच्या. पकड अशी बसायची की वेगाने आलेली पोर एका हातावर गर्रकन वळायची. सगळ्यांना तोच खांब आवडायचा. लाकडी खांबाकडे कोणी जाईना.

हे सगळं छान चाललं होतं, आणि त्यातच एक पोर आतल्या आत वाळत होती, ती त्याची स्वतःची.

खो-खोत पळणाऱ्या मुली एकदम मैदानात येत नाहीत. तिघी-तिघींच्या तुकड्या असतात. पहिली तुकडी बाद झाली की दुसरी, दुसरी बाद झाली की तिसरी. वेळ मात्र ठरलेला. पहिल्या दोन तुकड्यांनीच वेळ काढला तर तिसरीला पळायची पाळीच येत नाही. पाठलागाला नऊजणी असतात खऱ्या, पण लोक टाळ्या वाजवतात, निवड करणारे माना वळवून बघतात ते हुलकावण्या देत पळणारीकडे.

कल्पेशने अश्लेषाला तिसऱ्या तुकडीत घातलं होतं. पहिल्या दिवसापासून. शेवटच्या तुकडीत, तीही शेवटची. पाठलागात मधल्या चौकोनात. आणि ती पोर तर हरणासारखी! आजोबांच्या शेताच्या बांधावरून पळत वाढलेली. सुरुवातीला संघ कच्चा होता, पहिल्या दोन तुकड्या पटापट बाद व्हायच्या, तेव्हा अश्लेषाला पळायला मिळायचं. मग तिच्या बापाने सगळ्यांना तयार केलं. जसजसा तो चांगला शिकवत गेला, तसतशी त्याची मुलगी बसत गेली. मला हे कळायला एक आख्खी स्पर्धा लागली, आणि मी स्वतःला हुशार समजते.

तालुक्याच्या स्पर्धेत आमच्या मुली सामन्यामागून सामने जिंकत होत्या. अनुष्का आता लिडियाबरोबर पहिल्या तुकडीत होती. प्रत्येक सामन्यात अश्लेषा बुटाच्या नाड्या आवळायची, वेणी वर बांधायची, रेषेपाशी जाऊन उभी राहायची. शिट्टी व्हायची. ती परत येऊन वेणी सोडायची. उपांत्य सामना जिंकल्यावर पोरी नाचत होत्या आणि ही माझ्या शेजारी बाकावर येऊन बसली.

"आजी, एक सांगू? कोणाला सांगू नका."

"सांग."

"मला वाटत होतं, अनुष्का लवकर आऊट व्हावी. आपण हरलो तरी चालेल." मग म्हणाली, "मी घाणेरडी आहे ना?"

"नाही. तू खेळाडू आहेस," मी म्हटलं. "पप्पांशी बोललीस?"

"पप्पा घरी खो-खो सोडून सगळं बोलतात. फायनल झाली की मी सोडणारे. तसंही वयोगटाचं शेवटचं वर्ष आहे. फायनल बघायला जिल्ह्याच्या संघाचे निवडणारे येणार म्हणे. ते बसलेल्यांना थोडीच घेतात."

गुपित ठेवणं मला जमतं, पण अन्याय बघत बसणं जमत नाही. तिचं नाव न घेता मी त्याच संध्याकाळी कल्पेशला शेडमध्ये गाठलं. तो आजीच्या खांबाची सुटलेली चिंधी बांधत होता.

"अश्लेषा तिसऱ्या तुकडीत का?"

"काकू, संघाचा विचार करावा लागतो."

"संघाचा विचार केलास तर ती पहिल्या तुकडीत पाहिजे. तू विचार करतोस तो संकेतचा."

त्याने माझ्या चपलांकडे बघितलं. "लोक काय बोलतील, तुम्हाला माहीत नाही. माझी मुलगी आहे. पहिल्या तुकडीत घातली आणि हरलो, तर? दुसऱ्याच्या पोरीला बसवून स्वतःची पळवली म्हणतील. चार आईबापांना तोंड मी द्यायचं."

"आणि तिला कोण तोंड देणार?"

"ती समजून घेते."

"समजून घेत नाही, गप्प बसते. घरात दोन बायका असून तुला अजून फरक कळत नाही?"

तो हसला नाही. म्हणाला, "फायनलला क्रम बदलत नाही मी." आणि चिंधीला अशी गाठ मारली, की ती आजतागायत सुटलेली नाही.

मी शेडमधून बाहेर पडून संकेतला झाडला. तर तो भला माणूस डोळे विस्फारून म्हणतो, "मी? मी असं कधी म्हटलं?" त्याला खरोखरच आठवत नव्हतं. काय करायचं सांगा अशा माणसाचं!

अंतिम सामना माणिकपूरजवळच्या एका मैदानावर होता. लिडियाची आई रोझमेरी सगळ्यांसाठी पाव आणि अंड्यांचा डबा घेऊन आली होती. लिडिया आमची कर्णधार. आणि गावाहून खास सामन्यासाठी पुतळाबाई आल्या होत्या. हिरवं लुगडं, डोक्यात अबोलीचा वळेसर. नात पळताना बघायची म्हणून आल्या होत्या. मला विचारतात, "ताई, आमची कधी पळनार?"

"बघू," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

नाणेफेक झाली. आधी आम्हाला पळायचं होतं. कोणत्या क्रमाने पळणार, ती नावं कर्णधाराने टेबलाशी जाऊन सांगायची असतात. लिडिया गेली, आली. लाउडस्पीकरवर नावं पुकारली, "पहिली तुकडी: लिडिया, अश्लेषा..."

कल्पेश ताडकन उठला. अनुष्काचं नाव तिथे यायला हवं होतं. मी अनुष्काकडे बघितलं, ती शांतपणे चष्मा पुसत तिसऱ्या तुकडीच्या जागेवर जाऊन बसली होती. तिने आणि लिडियाने मिळून ठरवलं होतं, आदल्या दिवशी, कुजबुजत. कुजबुजायला त्यांना शिकवलं कोणी?

कल्पेश टेबलाकडे निघाला. एक शब्द बोलला असता तर क्रम बदलला असता. पुतळाबाईंनी मागून त्याचा शर्ट धरला.

"कुठं चाललास?"

"आई, सोड. चूक झालीय."

"पोरीला बसवून ठेवायला इथं आनली काय रे? ती घरी बसली असती. खाली बस!"

एवढा मोठा माणूस, सगळ्यांसमोर, खाली बसला.

मला इथे सांगायला आवडलं असतं, की अश्लेषा वाऱ्यासारखी पळाली. नाही पळाली. आली, दोनदा वळली, प्रत्येक वळणावर बापाच्या तोंडाकडे बघत होती आणि तिसऱ्या वेळी समोरच्या मुलीच्या सरळ हातात गेली. बाद. मैदानात ती होती तरी किती, रोझमेरीचा डबा उघडून होईपर्यंत. मागून कोणीतरी म्हणालंच, "कोचची मुलगी ना." संकेत नव्हता तो, हे त्याच्यासाठी लिहून ठेवते. उलट संकेतच मागे वळून म्हणाला, "गप बसा हो!"

अश्लेषा येऊन बसली ती गुडघ्यात डोकं घालून. आमचा पाठलागही धड झाला नाही, त्याची गंमत पुढे सांगते. मध्यंतरानंतर पुन्हा पळायची पाळी आली. लिडिया भीत-भीत कल्पेशसमोर उभी. "काका, क्रम?"

सगळ्या मुली बघत होत्या. पुतळाबाई बघत होत्या. हेमांगीने माझा हात इतका दाबला, की बांगडी रुतली.

त्याला मोठी सोय होती आता. करून पाहिलं, जमलं नाही, झालं. कोणी नाव ठेवलं नसतं.

"तोच," कल्पेश म्हणाला. "अश्लेषा पहिली."

मग तो मुलीच्या मागे जाऊन उकिडवा बसला. अनुष्काच्या मागे कितीदा बसला होता, हिच्या मागे कधीच नाही. मी जवळच होते, म्हणून ऐकू आलं.

"माझ्याकडे बघत होतीस."

गुडघ्यातून आवाज आला, "तुम्ही रागावलात का ते बघत होते."

"मग मी तोंडच फिरवतो. तू फक्त मागे लागलेल्या पोरीच्या खांद्याकडे बघ. खांदा वळला की पाय वळतो." आणि तिच्या पाठीवर हलकी थाप मारून कुजबुजला, "खो."

ती उठली.

आणि कल्पेशने खरंच मैदानाकडे पाठ केली. आख्खा डाव तो आमच्याकडे, बायकांकडे तोंड करून उभा राहिला. डोळे मिटून, पावलं ऐकत. आणि त्याला समालोचन कोणाचं, तर पुतळाबाईंचं, ज्यांना खो-खोतलं ओ की ठो कळत नव्हतं.

"पळतेय... आता त्या लंबूटांगीनं हात घातला... नाय, सुटली! तिकडं गेली. अरे, आता कुठं गेली? हां, ही काय इथं! खांबाला गोल गोल कशाला फिरतेय रे ती?"

"फिरू दे, आई."

"चक्कर येईल ना पोरीला! कोनी पानी द्या तिला!"

लिडिया बाद झाली, तिसरी मुलगीही झाली. दुसरी तुकडी रेषेपाशी येऊन ताटकळली, तरी अश्लेषा एकटी आत होतीच. शिट्टी झाली तेव्हाही होती. कल्पेशने डोळे उघडले, पण वळायचं त्याच्या अंगात राहिलं नव्हतं. तीच धापा टाकत आली आणि त्याच्या पाठीला जाऊन धडकली.

अनुष्काला त्या डावात पळायला मिळालं नाही. रेषेपाशी उभी राहून परत आली. खोटं कशाला बोलू, क्षणभर माझ्या पोटात दुखलं. निवडणारे टिपून घेत होते ते अश्लेषाचं नाव होतं, माझ्या नातीचं नव्हतं. आणि ही वेडी सगळ्यांत मोठ्याने ओरडत होती. जिचा कोणी ओरडलं की थरकाप व्हायचा, ती.

सामना आम्ही एका गुणाने हरलो, आणि तोही आजीच्या खांबामुळे. साडीच्या पकडीची सवय लागलेल्या आमच्या पोरी, तिथले दोन्ही खांब रंधा मारून गुळगुळीत केलेले. पाठलागात लिडिया खांबाला वळायला गेली, हात सटकला आणि ती थेट पंचांच्या पायात. तिच्या पुढ्यातली मुलगी हसत-हसत निसटून गेली. परतताना टेम्पोत सगळ्या पोरी मला चिडवत होत्या, "आजी, तुमच्या साडीने कप घालवला!" आणि पाव-अंडी खात होत्या. हरलेला संघ इतका दंगा करताना मी बघितला नव्हता. अश्लेषा बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती आणि तिचं डोकं हलू नये म्हणून तो खड्डे चुकवायला ड्रायव्हरला हाताने खुणा करत होता.

तर कल्पेश, आता पुन्हा तुझ्याशी.

अश्लेषा जिल्ह्याच्या संघात गेली, पुढे कुठे-कुठे खेळली, ते तुझ्याकडून मला कळतंच; तेवढं सांगताना तुझं नेटवर्क जात नाही. तू म्हणतोस, "काकू, त्या दिवशी तुम्ही शेडमध्ये बोललात म्हणून." चूक. माझं तू ऐकलं नव्हतंस. तू ऐकलंस ते तुझ्या आईचं, आणि नंतर स्वतःचं. माझं कर्ज काही नाही तुझ्याकडे, उलटंच आहे. एका भित्र्या मुलीला तू उभं केलंस, हे तर आहेच. त्याबद्दल आभार एका ओळीत मानून झाले असते. पण तिने आपली पाळी दुसरीला देऊन टाकली आणि घरी येऊन कोणाला सांगितलंही नाही, हे तिने कुठून उचललं? आमच्या घरात तशी पद्धत नाही. आम्ही पाळी सोडणारी माणसं नव्हेत. वर्षभर संध्याकाळी कारखान्यातून थकून येऊन, दुसऱ्यांच्या पोरींच्या मागे उकिडवा बसणारा माणूस तिने बघितला. तिथून उचललं. तुझं एकाच बाबतीत चुकलं, आणि ते दुरुस्त करायला तू आख्ख्या माणिकपुरासमोर खाली बसलास आणि पुन्हा उठलास. एवढं मला सांगायचं होतं. झालं.

तुझा कारखाना वालीव सोडून वापीला गेला, तुम्ही गेलात. शेडची किल्ली माझ्याकडे आहे. ती अनुष्का वापरते.

आणि हो, टेम्पोतून उतरताना तू म्हणाला होतास, "काकू, तो पाइप काढून टाकू. येत्या रविवारी वखारीत जाऊन नीट लाकडी खांब बघू. तुम्ही चला, तुमचा डोळा चांगला आहे." मी म्हटलं, जाऊ. त्या रविवारी तुझी शिफ्ट लागली. पुढच्या रविवारी माझा गुडघा. मग पाऊस, मग वापी. पाइप तिथेच आहे, साडीचा जांभळा रंग पार उडालाय, काठ अजून पिवळा आहे. परवा अनुष्का म्हणाली, "आजी, नवा खांब आणायला हवा, नाहीतर या पण फायनलला सटकतील." मी म्हटलं, कल्पेशकाका आला की जाऊ.

वखार रविवारी दुपारपर्यंत उघडी असते. मी चौकशी केली आहे.

मीराकाकू